एकाच गावात आठ रात्री: भूमध्य समुद्राकाठचं चेफालू

प्रश्न थोडक्यात असा आहे. नवरा-बायको दोघंच, वय साठीच्या आसपास, नुकतेच निवृत्त झालेले. शाकाहारी, पण अंडं चालतं. बाईंचे गुडघे अधूनमधून दुखतात. युरोपची ‘दहा दिवसांत सहा देश’ अशी सहल एकदा झाली आहे आणि तिच्यातून दोघंही थकून परतले होते. आता भूमध्य समुद्राकाठच्या एकाच गावात आठ-नऊ दिवस निवांत राहायचंय. गाव कोणतं, जायचं कधी, जेवणाचं कसं, आणि एवढे दिवस एका गावात करायचं काय?

मराठी कुटुंबांच्या युरोपातल्या सहली आखणं हे माझं बऱ्याच वर्षांचं काम आहे, म्हणून गावापासूनच सुरुवात करतो. तुम्ही चेफालूला जा. सिसिली बेटाच्या उत्तर किनाऱ्यावर, पालेर्मोच्या पूर्वेला साधारण सत्तर किलोमीटरवर हे गाव आहे. पाठीशी २७० मीटर उंचीचा एक उभा खडक, त्याच्या पायथ्याशी कौलारू घरांची दाटी, मधोमध नऊशे वर्षांपूर्वीचं कॅथेड्रल, आणि गाव जिथे संपतं तिथेच पुळण सुरू होते. रेल्वे स्टेशनवरून जुन्या गावात दहा-पंधरा मिनिटांत चालत पोचता येतं. गावात मोठं रुग्णालय आहे. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सगळं पायी होतं.

निवांत सुट्टीसाठी गाव निवडताना मी फोटोंपेक्षा याच गोष्टी आधी बघतो. खोलीतून निघून गाडी-बसशिवाय समुद्रावर जाता येतं का? दुपारी परत येऊन तासभर पडता येतं का? संध्याकाळी पुन्हा सहज बाहेर पडता येतं का? दिवसातून दोनदा खोलीवर परतता आलं नाही, तर ती विश्रांती राहत नाही, कारण सकाळी निघालेला माणूस पाठीवर सामान घेऊन संध्याकाळपर्यंत बाहेरच अडकतो. दक्षिण इटलीतल्या पोझितानोची छायाचित्रं पाहून पुष्कळ लोक तिथलं मागतात. पण ते गाव कड्यावर बांधलंय, समुद्रावर जाणं म्हणजे जिने उतरणं आणि परतणं म्हणजे तेच जिने चढणं. सिसिलीतलंच ताओर्मिना देखणं आहे, पण ते समुद्रापासून दोनशे मीटर उंचावर आहे आणि पोहायला जायचं तर केबल कार किंवा बस धरावी लागते. ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर गावं ज्वालामुखीच्या कड्यावर आणि पुळणी बेटाच्या दुसऱ्या अंगाला. ही गावं वाईट नाहीत, दोन दिवस पाहायला उत्तम आहेत. तुम्हाला मात्र राहायचंय. ग्रीसमधलं नाफप्लिओ मी दुसऱ्या क्रमांकावर ठेवेन. तेही सुरेख आणि चालण्याजोगं आहे, फक्त तिथली मोठी वाळूची पुळण गावाबाहेर पडते.

आता महिना. जुलै आणि ऑगस्ट टाळा. इटलीची शाळा-कचेऱ्यांची मोठी सुट्टी तेव्हाच असते आणि १५ ऑगस्टच्या फेर्रागोस्तो सणाच्या आगेमागे सगळा देश किनाऱ्यावर उतरतो. पारा तिशीच्या वर असतो आणि सहाराकडून शिरोक्को वारा सुटला की तो आणखी चढतो. मे महिन्यात हवा फार सुखाची, डोंगरावर रानफुलं असतात, पण पाणी अजून अठरा-एकोणीस अंशांवर असतं आणि आपल्याकडच्या माणसाला त्यात गुडघ्याच्या वर जाववत नाही. म्हणून तुमच्यासाठी सप्टेंबरचा मध्य ते ऑक्टोबरचा पहिला आठवडा. समुद्र उन्हाळाभर तापलेला असतो आणि हवेइतक्या लवकर निवत नाही, त्यामुळे सप्टेंबरअखेरही पाणी चोवीस-पंचवीस अंशांच्या आसपास मिळतं. बाहेर दुपारी सत्तावीस-अठ्ठावीस, रात्री पातळ शालीपुरता गारवा. शाळा सुरू झालेल्या असल्यामुळे गाव गावकऱ्यांना परत मिळालेलं असतं. घरी गणपती असतील तर विसर्जन आटोपून निघा, बहुतेक वर्षी हे बरोबर जुळतं. या दिवसांत एखादी वादळी सर येते, एखादा दिवस वाऱ्याचा जातो. आठ रात्री ठेवण्याचं एक कारण तेही आहे: दोन दिवस पावसात गेले तरी काही हातचं सुटत नाही.

समुद्राबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण आपण कोकण किनारा पाहिलेली माणसं आहोत आणि हा समुद्र वेगळा वागतो. मुंबईत उधाणाला पाणी चार मीटरच्या आसपास चढतं-उतरतं. चेफालूला भरती-ओहोटीचा फरक जेमतेम फूटभर असतो. भूमध्य समुद्र अटलांटिकला फक्त जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीने जोडलेला आहे, आणि ती सर्वांत अरुंद जागी साधारण चौदा किलोमीटर रुंद आहे. महासागराची भरती त्या वाटेने आत फारशी शिरत नाही आणि समुद्राला स्वतःची मोठी भरती यावी एवढा त्याचा विस्तार नाही. म्हणून तिथे पाणी सकाळी जिथे असतं तिथेच संध्याकाळी असतं. जुन्या गावात घरांच्या भिंती थेट लाटांत उतरलेल्या दिसतात, त्या यामुळेच उभ्या राहू शकल्या. तुमच्या दृष्टीने याचा फायदा असा की ओहोटीची वेळ बघून पोहायला जावं लागत नाही.

पाणी खारटही जास्त आहे. महासागरात किलोमागे साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, इथे ३८ च्या घरात. ऊन आणि वारा जितकं पाणी उडवून नेतात तितकं नद्या आणि पाऊस परत देत नाहीत. खारटपणामुळे अंग थोडं अधिक सहज तरंगतं, नवशिक्याला ते लगेच जाणवतं. शिवाय या पाण्यात पोषक द्रव्यं कमी, म्हणून सूक्ष्म वनस्पतीही कमी, आणि म्हणून ते इतकं नितळ आणि निळं. कंबरभर पाण्यात उभं राहून स्वतःची पावलं दिसतात. चेफालूची मोठी पुळण वाळूची आणि हळूहळू उतरत जाणारी आहे, पोहता न येणाऱ्यालाही बरंच आत उभं राहता येतं. तरी लाल बावटा असेल तर पाण्यात जाऊ नका. वायव्येकडून माएस्त्राले वारा आला की हाच समुद्र दोन-तीन तासांत उसळतो. खडकाळ भागात सागरी साळिंदर, म्हणजे गोल काटेरी समुद्रजीव, असतात, त्यांचे काटे पायात मोडतात, तिथे रबरी बूट घाला. जेलीफिश कधी येतात, कधी येत नाहीत. पुळणीवर सगळेच बाहेर बसलेले दिसले तर कारण विचारा.

पुळणीचे दोन भाग असतात. लिदो म्हणजे पैसे देऊन छत्री आणि आरामखुर्च्या घ्यायची जागा, तिथे शॉवर, स्वच्छतागृह, कपडे बदलायची सोय. पहिल्या रांगेचा दर अर्थातच जास्त. स्पियाज्जा लिबेरा म्हणजे मोफत जागा, चटई टाका आणि बसा. वयाचा आणि पाठीचा विचार करता तुम्ही लिदो घ्या, दर दोन-तीन दिवसांचा एकत्र ठरवा, मागच्या रांगेतली घ्या. पंजाबी ड्रेस किंवा टी-शर्ट घालून पाण्यात बसलेल्या बाईकडे तिथे कुणी वळून बघत नाही, तो संकोच मनातून काढून टाका. फक्त पोहण्याच्या कपड्यांत गावात फिरू नका, ते गावकऱ्यांना आवडत नाही.

पोचायचं कसं? मुंबईहून रोम किंवा मिलानमार्गे पालेर्मो. विमानतळ पालेर्मोच्या पश्चिमेला आहे. तिथून रेल्वेने पालेर्मो चेन्त्राले हे शहराचं मुख्य स्टेशन साधारण तासाभरात, तिथे गाडी बदलून चेफालू आणखी तासभर. कागदी प्रादेशिक तिकीट घेतलं तर गाडीत चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात शिक्का मारून घ्यायला विसरू नका, नाहीतर तिकीट असूनही दंड होतो. विमान संध्याकाळी उशिरा उतरत असेल तर ती रात्र पालेर्मोत काढा. भाड्याची मोटार घेऊ नका. जुन्या गावात बाहेरच्या वाहनांना मर्यादित प्रवेश असतो, कॅमेरे असतात, आणि दंडाची पावती काही महिन्यांनी पुण्या-मुंबईच्या पत्त्यावर येते. शिवाय पार्किंगची काळजी डोक्यात असलेला माणूस निवांत बसत नाही.

राहायला जुन्या गावातली जागा घ्या, कॉर्सो रुजेरो या मुख्य रस्त्यापासून समुद्राकडे उतरणाऱ्या गल्ल्यांपैकी एखादीत. आधी मालकाला तीन गोष्टी स्पष्ट विचारा: रस्त्यापासून खोलीपर्यंत पायऱ्या किती, लिफ्ट आहे का, आणि स्वयंपाकाचा ओटा आहे का. जुन्या इमारतींत लिफ्ट नसणं हेच सर्वसाधारण आहे आणि जिने अरुंद, उंच पायऱ्यांचे. गुडघ्यांचा प्रश्न असताना ‘समुद्र दिसणारी गच्ची’ मिळवण्यासाठी रोज तीन मजले चढणं परवडणार नाही. पहिल्या मजल्यावरची, गल्लीकडे तोंड असलेली खोली घ्या, समुद्र दोन मिनिटांवर आहेच. गल्ल्या दगड-गोट्यांनी बांधलेल्या आहेत, चाकांची जड बॅग त्यांवर फार त्रास देते, एकेकच मध्यम बॅग न्या. किटली हॉटेलात बहुधा मिळत नाही, चहाची सवय असेल तर छोटी न्या. आपली गोल दोन दांड्यांची पिन तिथे चालते, तीन पिनांचा प्लग चालत नाही. न्हाणीघरात बिडे, म्हणजे बसून पाण्याने धुण्याचं भांडं, असतंच, त्यामुळे पाण्याची चिंता नको.

आता तुमचा खरा प्रश्न, दिवसभर करायचं काय. माझ्या अनुभवाने, आखलेल्या कार्यक्रमाची सवय झालेल्या माणसाला पहिले दोन दिवस जड जातात. तिसऱ्या दिवशी तो गावाच्या घड्याळाला लागतो. म्हणून दिवसाचं वेळापत्रक तुम्ही करू नका, गावाकडे ते तयार आहे.

सप्टेंबरात तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते. पहिले दोन-तीन दिवस तुम्हाला पहाटे चारलाच जाग येईल आणि संध्याकाळी सातला डोळे मिटायला लागतील. याच्याशी झगडू नका. सकाळी उजाडायला पावणेसात-सात होतात. तेव्हा मोलोवर, म्हणजे जुन्या बंदराच्या धक्क्यावर, जाऊन बसा. गल्ल्या धुतल्या जात असतात, बेकरी उघडलेली असते. कॉफी उभ्याने, काउंटरवर प्यायची. टेबलावर बसलात की दर वाढतो, आणि कॅथेड्रलच्या चौकात बराच वाढतो. तरी एकदा तिथे बसाच, त्या चौकात ताडांच्या सावलीत तासभर बसण्याचे ते पैसे आहेत. आठ ते अकरा पोहण्याची उत्तम वेळ. अकरानंतर ऊन चढतं, तेव्हा बाजार करा किंवा एखादी वास्तू पाहा.

दुपारी एक ते चार गाव मिटतं. बरीच दुकानं बंद, चर्च बंद, गल्ल्या रिकाम्या. ‘आता काय करायचं’ म्हणून बाहेर भटकणारे बहुतेक आपल्यासारखे पाहुणेच असतात. तुम्ही जेवा, खिडक्यांची लाकडी झडपं ओढून घ्या आणि झोपा. वामकुक्षीची आपल्याला ओळख करून द्यायला नको. सुट्टीतला हाच भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो, कारण धावत्या सहलीत याच वेळी आपण बसमध्ये डुलक्या खात असतो.

पाचनंतर गाव पुन्हा बाहेर येतं. सहा-साडेसहाला सगळं कॉर्सो रुजेरोवर आणि किनाऱ्यालगतच्या रस्त्यावर फिरू लागतं. आजी-आजोबा, बाबागाड्या, शाळेतली मुलं, सगळी ठेवणीतले कपडे घालून. याला पास्सेज्जाता म्हणतात. कुणी कुठे पोचायला निघालेलं नसतं. याच वेळी पश्चिमेकडे तोंड असलेल्या पुळणीवरून सूर्य समुद्रात बुडताना दिसतो, सप्टेंबरअखेर साधारण सातला. दुसऱ्या-तिसऱ्या संध्याकाळी बेकरीवाला आणि भाजीवाली तुम्हाला ओळखून मान हलवतील. एका गावात राहण्याचा हा लाभ दहा देश पाहूनही मिळत नाही.

रात्रीचं जेवण साडेसात-आठच्या आधी बहुतेक खानावळींत मिळत नाही, आणि तेव्हा आपल्या शरीराच्या घड्याळात रात्रीचे अकरा वाजून गेलेले असतात. म्हणून पहिले दोन-तीन दिवस मुख्य जेवण दुपारी घ्या, रात्री खोलीवर पाव, टोमॅटो, फळं. बिलात कोपेर्तो म्हणून माणशी दोन-तीन युरो लावलेले दिसतील. ती पाव-टेबलाची नेहमीची आकारणी आहे, फसवणूक नाही.

शाकाहारी माणसाची सिसिलीत उपासमार होत नाही. वांगं ही तिथल्या स्वयंपाकातली मुख्य भाजी आहे आणि ते, तसंच लिंबं आणि ऊस, अरबांच्या राजवटीत या बेटावर रुजले. पास्ता आल्ला नोर्मा म्हणजे तळलेलं वांगं, टोमॅटो, तुळशीच्या जातीची बासिलची पानं आणि वर किसलेलं खारवलेलं रिकोत्ता चीज. कापोनातात वांगं, सेलरी, ऑलिव्ह, केपर एकत्र शिजवून व्हिनेगर आणि साखर घालतात. आंबटगोड चव असते आणि गारच खातात. पानेल्ले तर तुम्हाला घरचीच वाटेल: हरभऱ्याचं पीठ पाण्यात घोटून शिजवायचं, थापून वड्या पाडायच्या आणि तळायच्या, म्हणजे आपली पाटवडीच, फक्त फोडणीवाचून. तिथे ती तिळाच्या पावात घालून, लिंबू पिळून देतात. भाजीबाजारात फिकट हिरवा, हातभर लांब दुधी दिसेल. तो आपलाच दुधी आहे. त्याच्या वेलाच्या कोवळ्या शेंड्यांना तेनेरुमी म्हणतात आणि टोमॅटो, लसूण घालून त्यांचं पातळसर सूप करतात, त्यात तुटकी शेवई. उन्हाळा संपेपर्यंत मिळतं. खानावळीच्या कार्डावर नसलं तरी विचारा. फड्या निवडुंगाची सोललेली फळंही याच दिवसांत येतात.

पण काही ठिकाणी डोळे उघडे ठेवावे लागतील. ‘भाजीचं’ म्हणून दिलेल्या पदार्थात अच्चुगे, म्हणजे खारवलेली बारीक मासळी, असू शकते. स्फिंच्योने हा जाड पिझ्झासारखा पाव दिसायला टोमॅटो-कांद्याचा, पण त्यात ती हमखास असते. आरांचिना म्हणजे सारण भरून तळलेला भाताचा गोळा. आरांचिना अल बुर्रो म्हटल्यावर वाटतं फक्त लोणी, पण आत बहुधा हॅम असतं, पालकाची मागा. मासळीचं आणि भाजीचं तळण बहुतेक एकाच तेलात होतं. कन्नोली या रिकोत्ता भरलेल्या मिठाईच्या नळीच्या पिठात परंपरेने स्ट्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी, घालतात आणि काही जण ब्रियोश या मऊ गोडसर पावातही, म्हणून मिठाईच्या दुकानात ‘सेन्झा स्ट्रुत्तो?’ असं विचारा. पार्मिजानो आणि पेकोरिनो चीज वासराच्या किंवा कोकराच्या जठरातल्या विरजणाने लावतात. तेही टाळत असाल तर बाजारात वेष्टणावर ‘काल्यो व्हेजेताले’ किंवा ‘मिक्रोबिको’ लिहिलेलं शोधा. खानावळीत ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा अच्चुगे’ (मांसाशिवाय, माशाशिवाय, अच्चुगेशिवाय) एवढं म्हणता आलं की काम होतं. सकाळच्या न्याहारीला ग्रानिता, म्हणजे बर्फाचा गोड चुरा, घ्या, बदामाची किंवा लिंबाची.

घरून काय न्यावं? मेतकूट, कोरड्या चटण्या, थोडी भाजणी न्या, ओटा असेल तर एखाद्या पावसाळी रात्री थालिपीठ लावता येईल. साजूक तूप, पेढे, खव्याची मिठाई नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ बरोबर आणायला मनाई आहे. ताजा कढीपत्ता, फळंही नको.

पाहण्यासारखं गावातच इतकं आहे की ते थोडं थोडं घ्या. कॅथेड्रल नॉर्मन, म्हणजे मूळच्या उत्तर फ्रान्सकडच्या घराण्यातला, राजा रुजेरो दुसरा याने ११३१ मध्ये बांधायला घेतलं. वादळात सापडलेल्या राजाने इथे किनाऱ्याला लागल्यावर नवस फेडला, अशी आख्यायिका गावकरी सांगतात. बाहेरून दोन भक्कम बुरुज, किल्ल्यासारखं. आत शिरल्यावर मधला भाग साधा आणि जवळजवळ रिकामा, आणि समोरच्या अर्धगोल भिंतीवर सोनेरी पार्श्वभूमीचा ख्रिस्त. हे मोझाइक, म्हणजे बारीक रंगीत तुकडे जडवून केलेलं चित्र, बायझंटाइन (ग्रीकभाषी साम्राज्यातल्या) कारागिरांनी केलं आणि त्यावरच्या लेखात ११४८ हे साल आहे. ख्रिस्ताच्या हातातल्या उघड्या ग्रंथावर एका पानावर ग्रीक आणि दुसऱ्यावर लॅटिन मजकूर आहे. नॉर्मन राजा, ग्रीक कारागीर, आणि इमारतीच्या कमानींत अरबी धाटणी: तेव्हाच्या सिसिलीत हे सगळं एकत्र नांदत होतं. २०१५ मध्ये पालेर्मो आणि मोन्रेआलेच्या वास्तूंबरोबर याला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. माझं सांगणं एवढंच की तिथे एकदाच जाऊ नका. एकदा सकाळी लवकर जा, एकदा संध्याकाळी. प्रकाश बदलला की सोन्याचे तुकडे वेगळे चमकतात आणि त्या चेहऱ्यावरचा भावही बदलल्यासारखा वाटतो. तिथेच राहणाऱ्याला हे जमतं, बसमधून उतरलेल्याला नाही. खांदे आणि गुडघे झाकलेले असू द्या.

मांद्रालिस्का संग्रहालय छोटं आहे, तासाभराचं. एका सरदाराने एकोणिसाव्या शतकात जमवलेला संग्रह. तिथे आंतोनेल्लो दा मेस्सिनाने पंधराव्या शतकात रंगवलेलं एका अनोळखी माणसाचं चित्र आहे, वहीच्या पानाएवढंच, पण त्या माणसाच्या ओठांवरचं अर्धवट हसू विसरता येत नाही. त्या हसण्याचा राग येऊन एका मुलीने चेहऱ्यावर ओरखडे काढले, अशी गोष्ट सांगतात. तिथेच इसवी सनापूर्वी चौथ्या शतकातलं एक मातीचं भांडं आहे. त्यावर कोळी सुऱ्याने ट्यूना कापतोय आणि गिऱ्हाईक हातात नाणं घेऊन उभं आहे. कोकणातला मासळी बाजार पाहिलेल्याला ते दृश्य समजावून द्यावं लागत नाही.

मध्ययुगीन धुणं धुण्याची जागा, लावातोयो, मुख्य गल्लीतून पायऱ्या उतरून खाली आहे. दगडी हौद, सिंहमुखांतून पडणारं गार पाणी. दुपारच्या उन्हात दहा मिनिटं तिथे टेका.

ला रोक्का, म्हणजे गावामागचा तो उभा खडक, चढायचा की नाही, हे गुडघ्यांना विचारून ठरवा. तिकीट आहे, वाट पायऱ्या आणि दगडांची, वर जायला तासभर. निम्म्यावर देवी डायनाच्या नावाने ओळखलं जाणारं प्राचीन दगडी मंदिर आहे. तिथपर्यंत गेलात तरी कॅथेड्रल आणि कौलं खाली दिसतात आणि परत फिरता येतं. सकाळी उघडताच जा, पाणी न्या, चपला नकोत. पावसाने दगड निसरडे झाले असतील तर सोडून द्या.

गावाबाहेर आठ दिवसांत दोनच फेऱ्या करा, त्याही मधे दोन-तीन दिवस सोडून. एक पालेर्मोची, रेल्वेने: राजवाड्यातलं कापेल्ला पालातिना हे प्रार्थनागृह आणि बाल्लारोचा बाजार, एवढंच, दुपारी तीनच्या गाडीने परत. दुसरी मादोनिये डोंगरातल्या कास्तेलबुओनोची, बसने किंवा टॅक्सीने. तिथे आणि शेजारच्या पोल्लिना गावात उन्हाळ्यात अॅश जातीच्या झाडांच्या सालीला चिरे पाडून त्यातून झरणारा गोड रस वाळवतात, त्याला मान्ना म्हणतात. ही शेती आता फार थोड्या ठिकाणी उरली आहे, तिथल्या दुकानात चाखायला मिळते. एत्ना, आग्रिजेंतो, सिराकुझा या नावांचा मोह होईल. नकाशावर ती जवळ दिसतात, पण चेफालूहून एका दिवसात जाऊन येण्याजोगी सोयीची नाहीत. ती पुढच्या वेळी, वेगळ्या मुक्कामाने.

कागदपत्रांचं थोडक्यात. शेंगेन व्हिसा लागतो, इटलीचे अर्ज व्हीएफएस ग्लोबल या कंपनीमार्फत जातात. प्रवासाआधी सहा महिन्यांपासून अर्ज करता येतो. सप्टेंबरसाठी एप्रिल-मेमध्येच वेळ घ्या, उन्हाळ्यात भेटीच्या तारखा मिळत नाहीत. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शुल्क ९० युरो आहे, सेवाशुल्क वेगळं. किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा. तो घेताना आधीपासूनचे आजार, रक्तदाब असो वा मधुमेह, स्पष्ट नोंदवा आणि त्यांना संरक्षण आहे का हे लेखी वाचा. तुमच्या वयात सर्वांत स्वस्त विमा घेणं धोक्याचं आहे. रोजची औषधं चिठ्ठीसह, हातातल्या बॅगेत. गावात औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस असतो आणि तिथला फार्मासिस्ट किरकोळ दुखण्यावर नीट सल्ला देतो. आणीबाणीचा क्रमांक ११२. अर्ज करताना ‘एकाच गावात आठ रात्री’ हे पाहून कुणी शंका घेईल अशी भीती बाळगू नका. खोलीचं पक्कं आरक्षण आणि परतीचं तिकीट असलं की मुक्काम एका जागी असणं ही अडचण नसते.

परतीचं विमान पालेर्मोहून दुपारनंतरचं घ्या. सकाळचं घेतलंत तर शेवटची रात्र विमानतळाजवळ काढावी लागेल आणि आठवी रात्र चेफालूत मिळणार नाही.